शाईची हद्द, पेन्सिलीची गावं

आधी हातमोज्यांचं सांगून टाकते. टीव्हीवर जुना कागद दाखवायचा असला की कोणीतरी पांढरे सुती हातमोजे घालून तो उलगडतं आणि बघणाऱ्यांना वाटतं, वा, काय काळजी घेतात! आमच्या धंद्यात अशा माणसाला आधी दाराबाहेर काढतात. मोज्यातून बोटांना कागद कळत नाही, त्याची कड धाग्यात अडकते आणि फाटते. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, बस्स. हे मी किती कॅमेरेवाल्यांना सांगितलं असेल! त्यातला एक दिग्दर्शक मला म्हणाला, "राइट, पण ग्लव्ह्ज घातले की जास्त रिस्पेक्टफुल दिसतं." आदर दिसला म्हणजे झालं, मग खाली कागद फाटेना का.

मी कागद दुरुस्त करणारी बाई. माहेर नागपूरकडचं, लग्नानंतर इंग्लंडमध्ये रीडिंगला आले ती इथलीच झाले. रीडिंगहून ट्रेनने थोड्या अंतरावर एक दप्तरखाना आहे, तिथे सत्तावीस वर्षं काम केलं आणि गेल्या वर्षी रिटायर झाले. दप्तरखान्याचं नाव देत नाही. त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत आणि मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणार नाहीये.

काम साधं असतं. फाटलेल्या कागदाला जपानी टिश्यूचं ठिगळ लावायचं, ते पिठाच्या खळीने चिकटवायचं, घडी उलगडायची, मळ काढायचा. मळ काढण्यासाठी रबराचा बारीक कीस कागदावर पसरून बोटाच्या टोकाने हळूहळू गोल फिरवायचा. आणि काहीही करण्याआधी नि केल्यानंतर रिपोर्ट लिहायचा: कागद आला तेव्हा कसा होता, मी काय केलं, कशाने केलं. आमच्या धंद्यात हुशारीपेक्षा रिपोर्ट महत्त्वाचा, कारण हुशार माणूस मरतो आणि फाइल राहते.

आमच्याकडे एका लॉर्डसाहेबांच्या घराण्याचे खोकेच्या खोके होते. त्यांचे एक पूर्वज अठराव्या शतकात ब्रिटिश वकिलातीत कारकून होते. अमेरिका स्वतंत्र झाली आणि तिची हद्द कुठपर्यंत हे ठरवायला दोन्हीकडची शहाणी माणसं पॅरिसमध्ये बसली, तेव्हा हे नकाशा धरायला आणि शाई वाळवायला हजर होते.

त्या शहाण्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. ब्रिटिशांना युद्धाचा कंटाळा आला होता आणि अमेरिकनांना होता होईल तेवढी जमीन हवी होती. समोर पसरलेल्या नकाशावरचा मुलूख त्या खोलीतल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांनी एक रेघ एका तळ्यापासून सरळ पश्चिमेला मिसिसिपी नदीपर्यंत नेली. आता मिसिसिपी इतक्या उत्तरेला उगवतच नाही, त्यामुळे ती रेघ कितीही पश्चिमेला नेली तरी नदीला लागत नाही. दोन सरकारांनी सही-शिक्क्यानिशी मान्य केलेली हद्द जमिनीवर कुठे नव्हतीच, आणि ती चूक निस्तरायला पुढे कित्येक वर्षं गेली. आमच्या नागपूरकडे बांधावरून भांडणारे दोन भाऊ निदान बांधावर उभे राहून भांडतात.

पण ही झाली हसायची गोष्ट. न हसायची गोष्ट अशी की त्या मुलखात तिथली मूळ माणसं राहत होती, आणि त्यातली कित्येक ब्रिटिशांच्या बाजूने लढली होती. त्यांना पॅरिसला बोलावलं नाही. तहात त्यांचा एका शब्दाने उल्लेख नाही. मी तो तह वाचलाय. मासेमारीचा हक्क कोणाचा हे त्यात नीट तपशिलात दिलंय. मग अमेरिकन वकील त्या लोकांकडे गेले आणि म्हणाले, तुमच्या त्या ब्रिटिश राजाने तुमची जमीन आम्हाला दिली, आता तुम्ही हरलेले. ते लोक म्हणाले, आम्ही कुठे हरलो, आणि आमची जमीन देणारा तो कोण? प्रश्न अगदी रास्त होता. त्याला उत्तर म्हणून पुढे फौजा गेल्या, मग नवे तह झाले, त्यांवर अंगठ्याऐवजी फुल्या घेतल्या, आणि या सगळ्याला ‘खरेदी’ म्हणायची पद्धत पडली.

या ‘खरेदी’ शब्दाचे भक्त आमच्याकडे दर उन्हाळ्यात यायचे. एक अमेरिकन गृहस्थ वंशवृक्षाची भलीमोठी गुंडाळी घेऊन आले. त्यांच्या खापरपणजोबांनी जमीन रीतसर विकत घेतली होती, याचा कागद त्यांना हवा होता. मी त्यांना त्या भागातला एक तह काढून दिला. त्यांनी तळाच्या फुल्या पाहिल्या आणि विचारलं, "हे काय, स्पेलिंग टेस्ट?" स्वतःच खो खो हसले. मी म्हटलं, ज्या भाषेत जमीन जाते ती भाषा न येणाऱ्यांच्या सह्या अशाच असतात. त्यावर त्यांनी मॅनेजरकडे तक्रार केली की स्टाफचा ॲटिट्यूड बरोबर नाही. तक्रार खरीच होती.

आता माझ्या चुकीकडे येते. ती समजायला एक नियम सांगायला हवा. जगातल्या कुठल्याही दप्तरखान्याच्या वाचनकक्षात पेन नेऊ देत नाहीत. फक्त पेन्सिल. शाई सांडली तर कागद कायमचा गेला, पेन्सिल खोडता येते. त्यामुळे होतं काय, की लोक पेन्सिलने कागदांवर खुणा करून जातात. विद्वान तर हमखास करतात. एका प्राध्यापकांनी दोनशे वर्षं जुन्या पत्राच्या समासात ‘नॉन्सेन्स’ लिहून ठेवलं होतं. असल्या खुणा खोडणं हे माझं रोजचं काम होतं. मूळ मजकूर शाईत, वाचकांचा आगाऊपणा पेन्सिलीत, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की त्यावर कोणी विचार करत नसे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्या कारकुनाचा नकाशा माझ्या टेबलावर आला. कापडावर चढवलेला छापील नकाशा, त्यावर हाताने ओढलेली ती सुप्रसिद्ध लाल रेघ, एक घडी पार विरलेली. आणि रेघेच्या पलीकडे, नद्यांच्या काठाकाठाने, पेन्सिलीचे दहा बारीक ठिपके. प्रत्येकाभोवती छोटं वर्तुळ. मी रबराचा कीस पसरला आणि दहाही खोडून टाकले. विरलेल्या घडीला ओलं करून ठिगळ लावलं, तेवढा भाग वजनाखाली दाबून सपाट केला. रिपोर्टात लिहिलं: एक्स्ट्रेनियस पेन्सिल मार्क्स, दहा, काढून टाकले. एक्स्ट्रेनियस म्हणजे उपऱ्या, मूळ कागदाशी संबंध नसलेल्या. तेव्हाच्या साहेबांनी काम पाहून "लव्हली जॉब" म्हटलं आणि मी आठवडाभर खुशीत होते.

आणि मग रूथबाई आल्या. माझ्या रिटायरमेंटला दोन महिने उरले होते.

इंग्रजीत सगळेच ‘यू’ असतात, मराठीत मात्र निवडावं लागतं. म्हणून रूथबाईंना मी इथे ‘तुम्ही’ म्हणणार आहे आणि माझा मॅनेजर मार्टिन याला ‘तू’.

रूथबाई साठीच्या, उंच, सावकाश बोलणाऱ्या. ज्या लोकांना पॅरिसला बोलावलं नव्हतं त्यांच्यापैकी त्या. अमेरिकेतल्या शाळेत भूगोल शिकवायच्या, आता त्यांच्या लोकांच्या पंचायतीचं काम बघायच्या. त्यांच्या नदीला एक वळण आहे. तिथे त्यांचं जुनं गाव होतं आणि गावालगत पुरलेली माणसं आहेत. नदीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अशा जागा कळल्या की लोक फावडी घेऊन पोचतात. तर त्या वळणावर एका कंपनीला गोदाम बांधायचं होतं. काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारचं, म्हणणं, इथे गाव असल्याचा त्या काळचा पुरावा आणा, मग थांबवू. दोन महिन्यांत सुनावणी होती.

"आजीला तिच्या आजीने दाखवलेली जागा आहे," रूथबाई म्हणाल्या. "पण आजी म्हणजे डॉक्युमेंट नव्हे."

त्यांनी आमच्या खोक्यांतून, कोणी न वाचलेल्या गठ्ठ्यातून, त्या कारकुनाने भावाला लिहिलेलं पत्र शोधून काढलं होतं. पत्रात तो लिहितो की तिकडून आलेल्या एका व्यापाऱ्याने सांगितली तशी इंडियनांची, म्हणजे तिथल्या मूळ लोकांची, गावं त्याने नकाशावर पेन्सिलने टिपली आहेत. शाईने नाही टिपली, कारण तह पुरा झाला की साहेब ती पावाच्या गाभ्याने पुसून घ्यायला सांगतील. तेव्हा रबर नुकतंच आलं होतं, बहुतेक लोक पेन्सिल पावानेच खोडत.

"आता तो मॅप बघायचाय," रूथबाई म्हणाल्या.

मी नकाशा आणला. हात धुतलेले होते तरी घाम आला होता. त्यांनी भिंग घेऊन तास-दीड तास नद्यांचे काठ धुंडाळले. मग भिंग खाली ठेवलं.

"पुसली त्यांनी," त्या म्हणाल्या. "पाव संपला नव्हता म्हणायचा."

मी काही बोलले नाही. आजही त्याची लाज वाटते. त्यांनी पुसली नव्हती. साहेबांना विसर पडला की कारकुनाला कंटाळा आला देव जाणे, पण ती गावं दोनशे वर्षं त्या कागदावर होती. पॅरिसमधल्या त्या शहाण्यांचं राहून गेलेलं काम, पगार घेऊन, शाबासकी घेऊन, मी पुरं केलं होतं.

मी फाइल काढली आणि मार्टिनच्या खोलीत गेले. मार्टिन वाईट माणूस नाही. तो ज्याला इथे ‘नाइस’ म्हणतात तसा आहे, म्हणजे दुसऱ्याचं वाटोळं होत असतानाही तो चहा विचारतो.

"लुक, सुगंधा," तो म्हणाला, "त्या वेळची बेस्ट प्रॅक्टिस तीच होती. नोबडी इज ब्लेमिंग यू. बाईंना मॅप दाखवला, लेटर दाखवलं. वी हॅव डन अवर बिट."

"आणि माझा रिपोर्ट?"

"रिपोर्ट त्यांनी मागितलेला नाही."

"तो आहे हेच त्यांना माहीत नाही, तर मागतील कशा?"

"एक्झॅक्टली," मार्टिन म्हणाला, आणि चहा विचारला.

पॅरिसच्या त्या खोलीत काय बोलणं झालं असेल याचा मी इतकी वर्षं अंदाज करत होते. त्या दिवशी कळलं. कोणी टेबलावर मूठ आपटली नसेल, कोणी कोणाला शिव्या दिल्या नसतील. त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही, एवढंच झालं असेल, आणि वर चहा झाला असेल.

घरी लेकीला सगळं सांगितलं. प्रज्ञा रीडिंगमध्येच जन्मली, आयटीत आहे. तिच्या मराठीत लिंगांचा कायम घोळ.

"आई, चूक तुझा होता ना? मग सांगून टाक. व्हॉट कॅन दे डू, रिटायर करणार तुला?"

"सत्तावीस वर्षांचं नाव आहे गं. शेवटी लोक म्हणतील, हिने नकाशा खराब केला."

"केलास तर केलास. आजोबा काय म्हणाला असता?"

"म्हणाले असते."

"तेच. काय म्हणाले असते?"

माझे वडील मोजणी खात्यात जमीन मोजायची साखळी धरायचे. मोजणीदार कागदावर रेघ काढायचा आणि वडील उन्हात साखळी ओढायचे. आमच्या गावच्या नकाशाची झेरॉक्स त्यांनी मला इंग्लंडला येताना दिली होती, ती अजून माझ्याकडे आहे. गावठाण जाड रेघेत, देऊळ, विहीर, चावडी सगळं नावानिशी. आमची वस्ती गावाबाहेर ओढ्यापलीकडे होती, पन्नासेक घरं. नकाशात तिथे कोरा कागद आहे आणि एक शब्द, पोटखराबा. म्हणजे सर्व्हे नंबरातली अशी जमीन, जिच्यात काही पिकत नाही. ज्या साखळीने ती मोजली ती धरणारा माणूस त्याच पोटखराब्यात जन्मला होता. वडिलांनी मोजणीदाराला विचारलंही होतं, साहेब, आमची घरं? तो म्हणाला, घरं हलतात रे, हद्द हलत नाही.

त्या झेरॉक्सचा मला आयुष्यभर राग होता. आणि तोच राग मनात असलेली मी, हात स्वच्छ धुऊन, दुसऱ्यांच्या दहा वस्त्यांवर रबर फिरवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी वाचनकक्षात रूथबाईंसमोर फाइल ठेवली.

"त्यांनी नाही पुसली," मी म्हटलं. "मी पुसली. वाचकांनी केलेल्या खुणा समजून."

त्यांनी रिपोर्ट वाचला. एक्स्ट्रेनियस शब्दावर बोट ठेवलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही कुठल्या?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पोटखराब्याचंही सांगितलं.

"मग तुम्हाला माहीत असायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. याहून खरं मला सत्तावीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं.

पेन्सिलीचं एक असतं. शिसं खोडता येतं, पण टोकाचा दाब कागदात राहतो. मी दिवे मालवले, एक दिवा टेबलालगत आडवा धरला, म्हणजे उजेड कागदावरून तिरपा सरकतो आणि केसाएवढा खड्डाही सावली टाकतो. नकाशा इंचाइंचाने फिरवला. पहिलं वर्तुळ उमटलं तेव्हा रूथबाईंनी माझा दंड धरला. मग दुसरं, तिसरं. नऊ सापडली, मध्ये ठिपका, भोवती वर्तुळ. प्रत्येकाचा फोटो घेतला.

दहावं सापडेना. दहावं म्हणजे नेमकं त्यांचं वळण. ते त्या विरलेल्या घडीवर होतं. तिथेच मी कागद ओला करून, ठिगळ लावून, वजनाखाली दाबून सपाट केला होता. लव्हली जॉब. खड्डा कुठला राहतोय!

"मग संपलं," रूथबाई म्हणाल्या.

संपलं नव्हतं. वडिलांची एक शिकवण होती. मोजणीत हद्दीचा दगड हलवावा लागला तर आधी तो कुठे होता ते दोन बाजूंनी मोजून लिहायचं; दगड गेला तरी जागा कागदावर राहते. ती सवय मला हाडात होती. रिपोर्टाच्या मागच्या पानावर मी दहाही खुणांची अंतरं लिहिली होती, डाव्या कडेपासून इतके मिलिमीटर, खालच्या कडेपासून इतके. असं आमच्या धंद्यात कोणी करत नाही. तेव्हा सहकारी हसले होते. नऊ अंतरं सापडलेल्या नऊ वर्तुळांशी तंतोतंत जुळली. दहावं अंतर पट्टीने मोजलं आणि तिचं टोक आलं ते बरोबर नदीच्या वळणावर.

म्हणजे त्या गावाचा जगात एकच लेखी पुरावा उरला होता: मी ते खोडल्याची माझी नोंद.

सुनावणीसाठी माझं सहीचं निवेदन लागणार होतं. मार्टिनने मसुदा करून आणला. दुरुस्तीदरम्यान काही खुणा नाहीशा झाल्या असण्याची शक्यता आहे, असं त्यात होतं. इंग्रजांची ही खास कला. यांच्या भाषेत कोणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं. जमिनी हस्तांतरित होतात, लोक विस्थापित होतात, खुणा नाहीशा होतात.

"यावर मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"सुगंधा, बी सेन्सिबल. याने संस्थेचं रेप्युटेशन जातं, आणि ऑनेस्टली, तुझंही."

"माझं माझ्याकडे राहू दे. मी बघते."

मी चार ओळी लिहिल्या. नकाशावर दहा खुणा होत्या. त्या काय आहेत हे मी कोणाला विचारलं नाही. मी त्या खोडल्या. त्या इथे इथे होत्या. खाली सही केली. रिटायरमेंटच्या दिवशी केक आला, मार्टिनचं भाषण मात्र चार वाक्यांत आटोपलं, आणि माझ्या कामाबद्दल त्यातलं एकही नव्हतं.

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने विचारलं म्हणे, खोडलेली खूण ही खूण कशी? पण नऊ जुळल्यावर दहावी नाकारणं काउंटीला जमलं नाही. कंपनीला वळण सोडून द्यावं लागलं. गोदाम वरच्या अंगाला झालं. रूथबाईंनी मेलवर तीन ओळींत कळवलं. आभार मानले नव्हते. मानले असते तर मला कसंतरीच झालं असतं.

गेल्या महिन्यात पोस्टाने एक गुंडाळी आली. त्यांच्या पंचायतीने स्वतःचा नकाशा छापलाय. लाल रेघ त्यात नाही. नऊ गावं भरीव ठिपक्यांनी दाखवली आहेत, वळणावरचं दहावं नुसत्या पोकळ वर्तुळाने. तळाला बारीक अक्षरांत प्रत्येक गावाचा आधार दिलाय. दहाव्यापुढे लिहिलंय: एस. मेश्राम यांनी ही खूण खोडली, त्यांच्या नोंदीवरून.

साखळी धरणाऱ्याच्या लेकीचं नाव शेवटी एका नकाशावर आलं, ते असं.

प्रज्ञाने तो भिंतीवर लावला. मग म्हणाली, "आजोबांचा मॅप कुठे आहे? तोपण काढ ना." मी कपाटातून झेरॉक्स काढली, जेवणाच्या टेबलावर पसरली. ओढा दाखवला, ओढ्यापलीकडचा कोरा कागद दाखवला.

"एक्झॅक्टली कुठे होता आपली घरं?"

"इथे. पन्नासेक होती."

"मग मार्क कर ना," म्हणत तिने माझ्या जुन्या डब्यातली पेन्सिल पुढे केली.

मी पेन्सिल परत डब्यात ठेवली आणि तिला म्हटलं, "पेन आण."